धाप लागणाऱ्या लेकराचे घर

अशोक विजयादशमीच्या सुमारास नंदुरबारच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरायला सुरुवात होते. बाहेरगावचा माणूस ते तांबडे रान पाहून थबकतो. देठ खुडणाऱ्या आमच्या बाया मात्र नाका-तोंडाला पदर बांधून बसतात, कारण मिरची वाळू लागली की तिचा खकाणा उडतो. धडधाकट माणसाला ठसका लागतो, दोन शिंका येतात आणि विषय संपतो. ज्या घरात दम्याचे मूल आहे, त्या घराचा विषय तिथे सुरू होतो.

आमच्या घरात असे मूल आहे. मिरचीच्या हंगामात पथारीवर चार महिने हाताला काम मिळते, पण आईच्या लुगड्यातून खकाणा घरात येतो आणि रात्री दोनला लेकरू उठून बसते. म्हणून कामावरून आल्यावर आधी अंघोळ, कपडे बाहेरच्या बादलीत, मग लेकराला जवळ घेणे, असा नियम केला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा पथारीच सोडावी लागली. घरातली एक मजुरी गेली, ती अजून भरून निघालेली नाही. दीक्षाभूमीला दोघे मिळून गेलो त्यालाही बरीच वर्षे झाली. आता एक जण नागपूरला जातो, एक जण पंपाजवळ थांबतो.

दमा म्हणजे नुसता कफ नव्हे. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या आतून सुजलेल्या असतात. धूर, धूळ, सर्दी, गार वारा यांपैकी काही लागले की त्या आवळतात, आत चिकट कफ धरतो आणि घेतलेला श्वास बाहेर सोडणे जड जाते. छातीतली शिट्टी वाजते ती त्यामुळे. मूल हसत-खेळत असते तेव्हाही आतली सूज असतेच, आणि घरोघरी गोंधळ होतो तो नेमका इथे. आवळलेल्या नळ्या सैल करणारा साल्ब्युटामॉलचा पंप बहुधा निळा असतो. त्याचा गुण पाच-दहा मिनिटांत दिसतो. सूज उतरवणारे बुडेसोनाइडसारखे औषध वेगळे. ते रोज घ्यायचे आणि त्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की न दिसणाऱ्याला कात्री लागते. पंधरा दिवस काही होत नाही, आणि मग एका रात्री निळा पंपही पुरत नाही.

शेजारपाजारच्या आजीबाई म्हणतात, "पोऱ्याले पंपनी सवय लागी जाई." त्यांची माया खरी, पण हिशेब उलटा आहे. साल्ब्युटामॉलची मुलांना देतात ती एक गोळी २ मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीच्या विसावा हिस्सा. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथे पाहिजे तिथेच जातो. रोजच्या औषधाने मुलाची उंची थोडी कमी राहते हे खरे आहे. अमेरिकेत अशा मुलांना मोठी होईपर्यंत तपासत गेले आणि २०१२ साली निष्कर्ष छापला, तेव्हा तो फरक सुमारे एक सेंटिमीटरचा निघाला. रात्र-रात्र न झोपलेल्या, शाळा बुडालेल्या लेकरापुढे एक सेंटिमीटर किती, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही ठरवले आहे.

या पंपाची हकिगत आम्हाला फार आवडते. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का नाही भरत, असे तिने बापाला विचारले. बापाने प्रश्न हसण्यावारी नेला नाही, आणि १९५६ साली पंप बाजारात आला.

दरवर्षी मृग लागला की हैदराबादच्या माशाच्या औषधाची आठवण काढणारे कोणीतरी भेटतेच. जिवंत छोट्या माशाच्या तोंडात पिवळी गोळी घालून तो गिळायला देतात. महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्या गोळीत काय आहे हे घरच्यांनी गुपित ठेवले आहे. जे तपासू देत नाहीत ते मानू नये, एवढे तरी आपण कालाम सुत्तातून शिकलो आहोत. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी यांत रोजच्या औषधाचे काही महिने निघतात.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या विहारातही डोकावावे. बंद खोलीत पन्नास माणसे, वीस अगरबत्त्या आणि पुढे दम्याचे लेकरू वंदनेला हात जोडून बसलेले! अगरबत्तीवाचून वंदना अडत नाही. फूल आणि मेणबत्ती पुरते, खिडकी उघडी ठेवावी. १४ एप्रिलच्या फटाक्यांबद्दलही बोलायला हवे, पण तरुण मंडळी रागावतात, बोलू एकदा. आनापानाच्या शिबिराला मात्र अशा मुलाने खुशाल जावे. धाप लागली की जीव घाबरतो आणि घाबरल्याने धाप वाढते. ती घाबर त्याने थोडी उतरते. औषधाची जागा ते घेत नाही.

बाबासाहेब आणि रमाईंचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. परदेशातून पदव्या घेऊन आलेल्या बापाच्या घरीही पाचांतला एकच यशवंत उरला. त्या काळी न्यूमोनियावर आजच्यासारखी औषधे नव्हती. दम्यावर आज आहेत. साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड ही दोन्ही औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणीतही हा आजार येतो. "औषध संपले" असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. लेखी मागितले की कपाट पुन्हा एकदा उघडून पाहतात, हा आमचा अनुभव.

मुलीला दमा असला की आणखी एक गाठ बसते. लग्नात अडचण नको म्हणून पंप लपवतात, चारचौघांत फवारा घेऊ देत नाहीत. लपवलेला पंप ऐन वेळी सापडत नाही. आणि खोटे बोलून जमवलेल्या घरात ती चुलीच्या धुरापुढे बसून कोणाला सांगणार?

लहान मुलाला पंप थेट तोंडात नीट घेता येत नाही, मध्ये नळकांडे लागते. ते विकत मिळते. परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली धुऊन, बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, फट चिकटवून बंद करावी. मूल बाटलीच्या तोंडातून श्वास घेते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली अशी बाटली विकतच्या नळकांड्याशी ताडून पाहिली, ती तितकीच चालली. आमची बाटली दप्तरात असते. सोबत, किती फवारे आणि किती वेळाने, हे डॉक्टरांच्या अक्षरातले कागद. त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा वाजणारी छाती अचानक गप्प झाली आणि मूल मलूल पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत मुलाला आडवे न करता बसते ठेवावे आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे निळा पंप देत राहावे.