साउंडबार की ब्लूटूथ स्पीकर?

दिवाळी जवळ आली की ऑफिसात चहाच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो, "गावाकडे आई-बाबांना गाणी ऐकायला काय घेऊ?" बहुतेकजण साउंडबारकडे झुकतात. खोक्यावर वॅटचा आकडा मोठा, टीव्हीखाली दिसतोही झकास. माझं मत उलटं आहे. निदान आमच्या जिंतूरच्या घरासारख्या घरांसाठी तरी.

आधी साउंडबारची बाजू. टीव्ही पातळ झाले, त्यांच्या स्पीकरची तोंडं खाली नाहीतर मागे गेली, त्यामुळे संवाद नीट कळत नाहीत. ती अडचण साउंडबार मस्त सोडवतो. घरात दिवसभर मालिका आणि बातम्या चालत असतील तर डोळे मिटून घ्या.

पण गाणी ऐकणं वेगळं. स्टिरिओची खरी गंमत यायला दोन स्पीकर एकमेकांपासून लांब हवेत. साउंडबारमध्ये डावा-उजवा दोन्ही एकाच तीनेक फुटांच्या पट्टीत. दहा फुटांवर बसलात की फरक जवळपास संपला. शिवाय बाबांच्या पिढीची गाणी कुठली? १९५० आणि १९६० च्या दशकांतली आपली बहुतेक चित्रपटगीतं मुळात मोनो. त्यांना 'सराउंड' लावलं की गायक विहिरीतून गातोय असं वाटतं. वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात!

आता वीज. आमच्या तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, तिथे वीज तयार होते. तरी वादळवारं सुटलं की गावात लाईट जातेच. इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब, टीव्हीचा प्लग बाहेर. म्हणजे साउंडबार गप्प. बॅटरीवाला स्पीकर मात्र उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणाशेजारीही वाजतो आणि सकाळी आईबरोबर स्वयंपाकघरातही.

तुम्ही म्हणाल, साउंडबारलाही ब्लूटूथ असतं की. असतं ना. पण तो बसलाय टीव्हीखाली, आणि टीव्हीवर कुणाची तरी मालिका चालू आहे. मग निवृत्त माणसाचं गाणं रिमोटच्या रांगेत उभं राहतं. तो दोन-चार दिवस थांबतो, नंतर मागायचंच सोडून देतो. घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा हाच. आवाजाचा दर्जा त्यानंतर.

स्पीकरचेही तोटे आहेत. छोट्या डब्यातून ढोलकीचा ठेका भरीव येत नाही. बॅटरी काही वर्षांनी दमते. फोनला जोडलेला असताना कॉल आला की गाणं थांबतं. म्हणून अगदी मुठीएवढा घेऊ नका. बटणं मोठी हवीत, एफएम हवं, आणि मेमरी कार्डाची खाच तर हवीच. कार्डात गाणी भरून दिली की फोन नको, इंटरनेट नको, मुलाला पुण्याला फोन करून "हे कसं जोडायचं रे?" विचारणं नको.

पुढे हौस वाढली तर तसलाच दुसरा घ्या. पण आधी बघून घ्या, दोन स्पीकर जोडून स्टिरिओ करायची सोय त्या मॉडेलमध्ये आहे ना. मग एक खोलीच्या या टोकाला, एक त्या. साउंडबारला जे जमत नाही ते तेव्हा जमेल.

असो. टीव्हीसाठी साउंडबार, गाण्यासाठी स्पीकर. आणि तो बाबांच्या हाताशी ठेवायचा, शोकेसमध्ये नाही.