वाटाघाटी कोणाशी?

बंदूक हाती घेतलेल्यांशी सरकारने बोलणी करणे म्हणजे दुबळेपणाची कबुली, असे मानणारा एक वर्ग या देशात नेहमीच राहिला आहे. ईशान्य भारताचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही.

मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटचे बंड मोडण्यासाठी सरकारने आपल्याच ऐझॉलवर विमानांतून मारा केला. पुढे गावेच्या गावे उठवून लष्कराच्या पहाऱ्याखालील वसाहतींत कोंडण्यात आली. बंड मात्र वीस वर्षे धगधगत राहिले. ते शमले ३० जून १९८६ रोजी, जेव्हा फ्रंटचे नेते लालडेंगा आणि केंद्राचे गृहसचिव राम प्रधान यांच्या सह्या करारावर झाल्या. काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहावला यांनी लालडेंगांसाठी पद सोडले. फ्रंटने शस्त्रे खाली ठेवली आणि भारताची राज्यघटना मान्य केली. १९८९ च्या निवडणुकीत फ्रंटचा पराभव झाला, पण तो पुन्हा जंगलात गेला नाही. १९९८ मध्ये तो सत्तेवर परतला तो मतपेटीच्या मार्गाने.

नागालँडची कथा वेगळी आहे. १९६४ मध्ये तेथील बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि पाद्री मायकेल स्कॉट यांचे शांतता मंडळ स्थापन झाले व सप्टेंबरात शस्त्रसंधी झाली. पुढे इंदिरा गांधींशी झालेली बोलणी फिसकटली. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी, आणीबाणीच्या सावटाखाली, शिलाँग करार झाला. जयप्रकाश स्वतः त्या दिवशी स्थानबद्ध होते! थकलेल्या प्रतिनिधींच्या सह्या मिळाल्या, परंतु लढणाऱ्यांची संमती मिळाली नाही. इसाक स्वू, मुइवा आणि खापलांग यांनी तो करार धुडकावला व १९८० मध्ये नवी सशस्त्र संघटना उभारली. १९८८ मध्ये तीही दुभंगली.

सोयीच्या माणसांशी केलेला करार कागदावरच राहतो. ज्यांचा शब्द रानात चालतो त्यांना सत्तेत मानाने वाटा दिला, तर तो टिकतो. दोन्ही करारांतील हा फरक दिल्लीने पुरता ओळखलेला दिसत नाही. १९९७ मध्ये मुइवांच्या गटाशी शस्त्रसंधी झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये आराखडा-करार झाला. त्याचा मजकूर मात्र त्या वेळी जनतेपुढे ठेवला गेला नाही. स्वतंत्र ध्वज व घटनेच्या मागणीवर गाडे अडले आणि दहा वर्षे उलटली तरी अंतिम तोडगा निघाला नाही. या रेंगाळण्याची किंमत सामान्य नागा माणूस मोजतो: एकीकडे सशस्त्र गटांची 'करवसुली', दुसरीकडे लष्कराचे विशेषाधिकार. डिसेंबर २०२१ मध्ये ओटिंग येथे कोळशाच्या खाणीतून घरी परतणारे निरपराध मजूर लष्कराच्या गोळ्यांना बळी पडले, ते शस्त्रसंधीच्याच काळात.

शस्त्रसंधी हे शांततेचे दार आहे, घर नव्हे. बोलणी उघडपणे व्हावीत, सर्व गटांबरोबर ग्रामसभा आणि स्त्रियांच्या संघटनांनाही त्यांत स्थान मिळावे, आणि १९५८ चा विशेषाधिकार कायदा रद्द व्हावा. तो धीर दाखविण्यात दुबळेपणा नाही. दुबळेपणा आहे तो प्रश्न कुजत ठेवण्यात.