पदराचा दोष नाही

दिवाळीनंतर मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये कापूस येऊ लागतो. यंत्रात कापूस टाकणाऱ्या, कवडी वेचणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या हातांत बायकांचे हात पुष्कळ असतात. गेल्या हंगामात अशीच एक बाई आमच्या केंद्रावर आली. झाडताना पदर फिरत्या पट्ट्यात गेला, त्याबरोबर उजवा हात. पट्ट्यावर जाळी नव्हती. मुकादम म्हणाला, "पदर खोचून काम करायचं ना!" घरचेही तेच म्हणाले. आणि मीसुद्धा पहिला प्रश्न तोच विचारला. त्याची मला आजही लाज वाटते.

मैत्रिणींनो, कायदा असे विचारत नाही. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ पासून आहे. मजुराचा साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचे कारण होत नाही. बाई ठेकेदारामार्फत लागली असली तरी मूळ मालक सुटत नाही. फिरत्या पट्ट्याला आवरण घालणे हेही मालकाचेच काम, १९४८ च्या कारखाने कायद्यापासून.

मग अडले कुठे? मस्टरवर तिचे नावच नव्हते. चार हंगाम राबलेली बाई कागदावर कधी कामाला आलीच नव्हती!

त्याच १९४८ च्या कायद्याने, रुई दाबण्याच्या विभागात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असेल तर तिथे स्त्रीला कामाला लावण्यास मनाई केली होती. म्हणजे धोका यंत्राचा, दूर व्हायचे बाईने. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने सर्व कामे स्त्रियांना खुली केली, याचे स्वागतच आहे. पण यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना ठरायला पूर्वीच्या १० ऐवजी तिथे २० कामगार लागतात. आपल्या बायका मोजल्याच गेल्या नाहीत, तर छोटी जिनिंग कारखान्याच्या नियमांतूनच निसटेल.

म्हणून या हंगामात गावोगावच्या गटांनी दोन मागण्या धराव्यात: पट्ट्यावर जाळी आणि मस्टरवर नाव. तोवर प्रत्येकीने आपली वही ठेवावी. तारीख, मुकादम, मिळालेली मजुरी लिहावी. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावी. अपघात झालाच, तर सरकारी दवाखान्यात 'कामावर झालेली इजा' अशी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी.

त्या बाईबरोबर काम करणाऱ्या तिघी आता साक्ष द्यायला तयार झाल्या आहेत. पुढच्या हंगामात आपल्याला कामावर घेणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यामागे आपण उभ्या राहणार आहोत ना?