लाल गोळी आणि घरातलं दीड वर्षाचं मूल

मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र



गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस, रोज एक लोहाची लाल गोळी आपलं खातं बाईला देतं. ती दिलीच पाहिजे. उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना अंगात रक्त नसलेल्या बाळंतिणींचे हाल मी जवळून पाहिलेत, त्यामुळे या गोळीच्या विरोधात माझ्याकडून एक शब्द जायचा नाही. पण दुसऱ्या खेपेच्या बाईच्या घरात बहुधा दीड-दोन वर्षांचं पहिलं मूल असतं. त्या मुलाला हीच गोळी जीवघेणी ठरू शकते. मुलाला जपण्याची सोयही गोळीबरोबरच घरात पोचावी, एवढ्यासाठी हे पत्र.

हिशेब असा आहे. एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. मुलाच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, 60 च्या वर गेलं की जिवावर बेततं. दीड वर्षाचं मूल दहा किलोच्या आसपास भरतं. म्हणजे चार गोळ्यांत उलट्या, आणि दहा-बारा गोळ्यांत जिवाशी गाठ. वरून गोळीला साखरेचा लेप. लाल, चकचकीत, जिभेला गोड. दुकानातल्या जेम्सच्या गोळीत आणि हिच्यात त्या पोराला काय फरक कळणार?

आता गोळ्या ठेवल्या कुठे जातात ते पाहा. मळमळ होते म्हणून रात्री झोपताना घ्यायला सांगतात, मग त्या अंथरुणाजवळ येतात. ‘डोळ्यांसमोर ठेव, म्हणजे विसरणार नाहीस’ हा सल्लाही आम्हीच देत आलो. डोळ्यांसमोर म्हणजे उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर, टीव्हीशेजारी. नेमकी धरून उभं राहणाऱ्या मुलाच्या हाताची जागा. ऊसतोडीच्या कोपीत तर फळी नाही, कपाट नाही, कपड्यांच्या पेटीपेक्षा उंच काहीच नाही. तिथे ‘मुलांपासून दूर ठेवा’ म्हणून मोकळं होता येत नाही. मेढीला वर बांधलेली, गाठ मारलेली पिशवी दाखवून द्यावी लागते.

त्याहून मोठा धोका न खाल्लेल्या गोळ्यांचा. शौचाला काळं होतं, पोट धरतं, ‘बाळ काळं होईल’ असं कुणीतरी घरात बोलतं, आणि बाई गोळ्या बंद करते. आशाताई रागावेल म्हणून सांगत नाही. पुढच्या महिन्याच्या गोळ्या येतात, त्याही गादीखाली जातात. अशा घरात पाच-सहा पट्ट्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना साठलेल्या असतात.

मुलाने गोळ्या खाल्ल्या तर पुढे काय होतं, हेही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात माहीत असायला हवं. पहिल्या सहा तासांत उलट्या, जुलाब, कधी त्यात रक्त. मग मूल निवांत होतं, खेळतंसुद्धा. घरचे म्हणतात, उतरलं. हाच काळ सगळ्यात फसवा. आत लोह रक्तात जात असतं, आणि काही तासांनी मूल एकदम कोसळू शकतं, दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून बरं दिसणारं मूलही दवाखान्यात न्यायचं, रिकामी पट्टी सोबत घ्यायची आणि किती गोळ्या गेल्या ते मोजायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, त्याने मुलाला वेगळीच इजा होते. लोह बाहेर काढणारं डेस्फेरॉक्झामिन हे औषध थॅलेसेमियाच्या मुलांसाठी वापरात आहेच. ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रात्री-अपरात्रीही हाताशी असावं. आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक 108 इतकाच गावाला पाठ व्हावा.

गोळ्यांच्या वेष्टनाचा प्रश्न मात्र गावात सुटणारा नाही, तो आपल्याच पातळीवर सुटेल. अमेरिकेत 1990 च्या दशकात सहा वर्षांखालच्या मुलांच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंत लोहाच्या गोळ्या आघाडीवर होत्या. 1997 मध्ये तिथे गोळ्यांवर ठळक इशारा सक्तीचा झाला आणि जास्त लोहाची प्रत्येक गोळी वेगळी बंद करावी लागली. मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे न्यायालयाने वेष्टनाची सक्ती काढली, इशारा राहिला. गोळी वेगळी बंद करण्यामागचं कारण समजायला सोपं आहे: एकेक गोळी फोडायला लागली की पोर दोन-तीन गोळ्यांतच कंटाळतं, तोवर कुणाचं तरी लक्ष जातं. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या पुढच्या निविदेत अशी अट घालता येईल: मुलाच्या दातांनी न फाटणारा जाड पत्रा, आणि प्रत्येक पट्टीवर मराठीत व चित्रात इशारा, कारण वाचता न येणाऱ्या आजीच्या हातातही ती पट्टी जाते.

एका वेळी महिन्याच्याच गोळ्या द्या, असं सुचवणार होते. पण तीस गोळ्याही लहान मुलाला पुरून उरतात. त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानू नये. आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत घरी जातच असतात. त्या भेटीत ‘गोळ्या कुठे ठेवल्यात, दाखव’ हा एक प्रश्न घाला. आणि न खाल्लेल्या गोळ्या परत घ्यायची मुभा द्या, नोंदवहीत त्यासाठी रकाना ठेवा. मात्र त्या आकड्यावरून आशाताईला किंवा त्या बाईला जाब विचारू नका. एकदा जाब विचारला गेला, की पुढच्या महिन्यात एकही गोळी परत येणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका