सिंधू नगरांचा आधार : पुरोहितसत्ता की नागरी शिस्त?

सिंधू संस्कृतीची नगरे पुरोहितांच्या सत्तेने उभी केली आणि त्याच सत्तेच्या धाकावर ती टिकली, हे मत पाठ्यपुस्तकांतून, संग्रहालयांतल्या पाट्यांवरून आणि लोकप्रिय लेखनातून इतक्या वेळा सांगितले गेले आहे की, ते सिद्ध झालेले नाही याचाच विसर पडत चालला आहे. सर जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये या संस्कृतीचा शोध जगापुढे मांडला आणि १९३१ मध्ये मोहेंजोदडोच्या उत्खननाचा त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे स्टुअर्ट पिगट आणि मॉर्टिमर व्हीलर यांनी या संस्कृतीचे जे चित्र रंगवले, त्यात उंच बालेकिल्ल्यावर बसलेला पुरोहित-राजा, त्याच्या ताब्यातली धान्याची कोठारे, खाली आखीव रस्त्यांवर राहणारी आज्ञाधारक प्रजा आणि अगदी तळाशी चाळीवजा खोल्यांत कोंबलेले वेठबिगार, अशी उतरंड होती. धर्म, वर्ग आणि नगर या तिन्ही गोष्टी या चित्रात एकाच साखळीने जोडल्या गेल्या : धर्माने वर्ग निर्माण केले आणि वर्गांच्या श्रमावर नगर उभे राहिले. हा पूर्वपक्ष सुसंगत आहे आणि मांडणाऱ्यांच्या विद्वत्तेविषयीही शंका नाही. तरीही त्याचे तिन्ही आधारस्तंभ तपासले असता एकही पुरेसा भक्कम ठरत नाही, आणि तो सोडून दिल्यानेच या नगरांचे खरे वेगळेपण लक्षात येते.

पहिला स्तंभ म्हणजे ‘पुरोहित-राजा’ या नावाने ओळखली जाणारी मूर्ती. मूळचे पंढरपूरचे पुरातत्त्वज्ञ काशिनाथ नारायण दीक्षित यांच्या देखरेखीखाली १९२०च्या दशकाच्या मध्यात झालेल्या उत्खननात ती सापडली, आणि मोहेंजोदडोतल्या ज्या विभागात ती मिळाली तो आजही त्यांच्याच आद्याक्षरांनी, म्हणजे ‘डीके’ या नावाने ओळखला जातो. स्टिएटाइट, म्हणजे शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेली ही मूर्ती अवघी साडेसतरा सेंटिमीटर उंच असून कमरेपासून खाली मोडलेली आहे. दाढी नीट कातरलेली, वरचा ओठ तासलेला, डोळे अर्धोन्मीलित, कपाळावर वर्तुळाकार दागिना बसवलेली पट्टी, आणि उजवा खांदा उघडा ठेवून डाव्या खांद्यावरून घेतलेले त्रिदल नक्षीचे वस्त्र, ज्याच्या खोबणींत एके काळी तांबडा रंग भरलेला होता. ही व्यक्ती प्रतिष्ठित असावी, एवढे या वर्णनावरून म्हणता येते. ती पुरोहित होती, राजा होती, की एखाद्या घराण्याचा पूर्वज होती, हे ठरवण्याचे कोणतेही साधन मूर्तीत नाही. शिवाय ती बालेकिल्ल्यावर सापडली नाही. खालच्या नगरातल्या एका इमारतीत सापडली. तळहाताएवढ्या एका मोडक्या मूर्तीवरून शेकडो मैल पसरलेल्या संस्कृतीची राज्यव्यवस्था ठरवणे हे तर्कशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरणारे नाही.

दुसरा स्तंभ म्हणजे बालेकिल्ला आणि त्यावरच्या इमारती. मोहेंजोदडोच्या उंच टेकाडावर सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असे विटांचे महास्नानगृह आहे. पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला आहे. तिथे विधिपूर्वक स्नान होत असावे, हे अनुमान रास्त आहे. मात्र विधी असणे आणि विधी करवणाऱ्यांच्या हाती राज्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पूर्वपक्ष पहिलीवरून थेट दुसरीवर उडी घेतो. शेजारच्या इमारतीला व्हीलर यांनी ‘महाकोठार’ म्हटले. पण तिथे साठवलेल्या धान्याचा पुरावा मिळाला नाही आणि हडप्पाच्या तथाकथित कोठाराचीही तीच अवस्था आहे. कोठारच शाबीत होत नसेल, तर कोठारावर ताबा ठेवणारा पुरोहितवर्ग कशावरून शाबीत होणार? हडप्पातल्या ओळीने बांधलेल्या लहान घरांना मजुरांच्या वसाहती ठरवताना तर वासाहतिक काळातल्या कुली-वस्त्यांची प्रतिमाच अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला निर्विवादपणे मंदिर किंवा राजवाडा म्हणता येईल अशी एकही वास्तू आजवर उजेडात आलेली नाही.

तिसरा स्तंभ सुमेरच्या साम्याचा आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात नगरांचा उदय मंदिराभोवती झाला, म्हणून सिंधूकाठीही तसेच घडले असणार, असा हा युक्तिवाद होता. सुमेरचे नगर म्हणजे ‘मंदिर-राज्य’, तिथली सारी जमीन देवाची आणि सारी प्रजा देवाची सेवक, हा सिद्धान्त १९२० मध्ये आना श्नायडर यांनी आणि त्यानंतर आंतोन डाइमेल यांनी मुख्यतः गिर्सू येथे सापडलेल्या हिशेबाच्या मृत्तिकालेखांवरून मांडला. पुढे द्याकोनोव्ह आणि गेल्ब या अभ्यासकांनी दाखवून दिले की, एका संस्थेच्या दप्तरावरून सगळ्या नगराची मालकी ठरवता येत नाही आणि मंदिराबाहेर कुटुंबांच्या मालकीच्या जमिनींची खरेदी-विक्रीही होत होती. ते दप्तर मुळात राजपत्नीच्या कारभाराचे होते आणि उरुइनिमगिना या राजाच्या काळात त्याला बाऊ देवीच्या घराचे नाव मिळाले. ज्या उसन्या नमुन्यावर सिंधूचा पुरोहित-राजा उभा केला गेला, तो नमुना त्याच्या मायभूमीतच डळमळीत झालेला आहे. याउलट जिथे राजसत्ता खरोखर होती, तिथे तिने आपल्या खुणा लपवलेल्या नाहीत. लेनर्ड वूली यांनी ऊर येथे उत्खनन केलेल्या राजदफनांपैकी एका मोठ्या खड्ड्यात ७४ सेवक-सेविकांचे सांगाडे मिळाले. हडप्पाच्या दफनभूमीत मडकी, शंखाच्या बांगड्या, क्वचित मण्यांचे दागिने सापडतात; माणसे बळी देऊन सजवलेले राजदफन तिथे नाही.

पुरोहित-राजाचे खंडन झाले म्हणून त्याच्या विरुद्ध टोकाचे मत आपोआप खरे ठरत नाही. अलीकडे सिंधू नगरांत वर्गभेद जवळजवळ नव्हताच आणि तो एक समतेचा प्रयोग होता, असे सांगण्याकडे कल वाढला आहे. राजाचा पुरावा नसणे हा विषमतेच्या अभावाचा पुरावा मानणे, हा या मताचा मूळ दोष होय. मोहेंजोदडोत एक-दोन खोल्यांची घरे आहेत, तशीच अंगण, स्वतंत्र विहीर आणि अनेक दालने असलेली घरेही आहेत. त्याहून बोलका पुरावा अलंकारांचा आहे. तांबड्या कार्नेलियन दगडाचे लांब मणी भोक पाडून तयार करणे हे अत्यंत कष्टाचे काम होते. एकेका मण्यावर कुशल कारागिराचे कित्येक दिवस खर्ची पडत. तेच आकार फेयन्समध्ये, म्हणजे गारगोटीची भुकटी भाजून केलेल्या चकाकत्या पदार्थात, आणि अगदी रंगवलेल्या भाजक्या मातीतही घडवलेले आढळतात. श्रीमंताच्या गळ्यातल्या दागिन्याची हुबेहूब स्वस्त नक्कल ज्या समाजात होते, त्या समाजात वरचा थर आहे आणि खालच्या थराला त्याची ओढही आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे सापडणाऱ्या, दगडासारख्या कठीण भाजलेल्या बांगड्या तर मातीने लिंपलेल्या आणि वर मुद्रेचा ठसा उमटवलेल्या बंद भांड्यांत भाजल्या जात. त्यांच्यावर बारीक अक्षरचिन्हेही कोरलेली असत. ज्या वस्तूच्या भट्टीवर असे शिक्कामोर्तब होते, ती वस्तू कोणालाही हवी तेव्हा मिळत नसणार, हे उघड आहे.

मात्र हा वर्गभेद पुढच्या काळातल्या वर्णव्यवस्थेचे मूळ रूप होता, असे म्हणण्यालाही आधार नाही. बालेकिल्ला उच्चवर्णीयांचा आणि खालचे नगर शूद्रांचे, हे समीकरण ग्रंथांतून घेऊन विटांवर लादलेले आहे. कारण खालच्या नगरातच मोठी, सुखवस्तू घरे आहेत आणि सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नसल्याने जन्मावर आधारलेल्या श्रेणीची साक्ष देणारा एकही शब्द त्या काळाच्या तोंडून ऐकू येत नाही. वर्ग होते, पण ते कशावर आधारलेले होते याचे उत्तर धन, हुन्नर आणि व्यापार यांच्या दिशेने जाते.

मग या नगरांना धरून ठेवणारे सूत्र कोणते? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ते सूत्र नागरी शिस्तीचे होते. नागरी शिस्त म्हणजे पाणी, सांडपाणी, बांधकाम आणि मापे यांविषयीचे असे नियम, जे श्रीमंत आणि गरीब दोघांनाही पाळावे लागत. इ.स.पू. २६०० ते १९०० या नागर काळात विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे राखले गेले. चर्ट दगडाची घनाकार वजने लहान मापांत दुपटीने वाढत जातात आणि सुमारे १३.६ ग्रॅमचे वजन त्या मालिकेत वारंवार आढळते. मोहेंजोदडोतल्या विहिरींची संख्या सातशेच्या आसपास असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. घरातल्या न्हाणीचे पाणी भिंतीतल्या उतरत्या मार्गाने गल्लीच्या गटारात येई, गटार विटांनी बांधलेले असे, त्यावरच्या विटा किंवा फरश्या काढता येत आणि ठरावीक अंतरावर गाळ साचण्यासाठी खड्डे ठेवलेले असत. हे खड्डे नियमितपणे उपसले गेले नसते, तर सारी व्यवस्था थोड्याच काळात तुंबली असती. म्हणजेच कोणी तरी ते काम वाटून दिले होते आणि कोणाचे तरी हात ते वर्षानुवर्षे करत होते. त्या हातांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, पण नगराचे श्रेय देताना त्यांचा वाटा मूर्तीतल्या प्रतिष्ठिताहून मोठा मानला पाहिजे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, एवढी एकरूपता एखाद्या सर्वोच्च सत्तेशिवाय शक्य नाही, आणि राजा सापडत नसेल तर ती सत्ता धर्माचीच असणार. पहिली गोष्ट म्हणजे ही एकरूपता सर्वंकष नाही : धोलावीरा येथे विटांच्या जोडीला दगड मुबलक वापरला गेला, नगराचे भाग दोनऐवजी तीन पडले आणि पाण्यासाठी विहिरींबरोबरच प्रचंड जलाशय खोदले गेले. एकरूपता सर्वाधिक आढळते ती वजनांत आणि मुद्रांत, म्हणजे जिथे परक्याशी देवघेव करायची असते तिथे. दुसरी गोष्ट म्हणजे व्यापारी संस्था मापांवर देखरेख ठेवू शकतात, याचे उदाहरण प्राचीन जगातच आहे. इ.स.पू. एकोणिसाव्या शतकाच्या सुमारास अश्शूर नगरात राजा होता, तरी वजनमापे आणि व्यापाराचा कारभार ‘नगरगृह’ नावाच्या संस्थेकडे होता, आणि त्या संस्थेचा प्रमुख प्रतिष्ठित घराण्यांतून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडला जाई. सिंधू नगरांत हुबेहूब अशीच संस्था होती, असा दावा येथे नाही. केंद्रीय शिस्तीला पुरोहित-राजा अपरिहार्य नाही, एवढे मात्र या उदाहरणाने सिद्ध होते.

धर्माचे स्थान नाकारण्याचे कारण नाही. ते नेमके ठरवण्याची गरज आहे. स्त्रीरूपातल्या मृण्मूर्ती मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे विपुल सापडतात, पण गुजरातेतल्या स्थळांवर त्या विरळ आहेत. कालीबंगा येथे ओळीने सात अग्निकुंडे मिळाली, तर मोहेंजोदडोत तशी रांग नाही. नगरांची मापे समान आणि श्रद्धेची साधने मात्र प्रदेशाप्रदेशांनुसार निराळी, असा हा एकंदर पुरावा आहे. एकच धर्मसत्ता सर्व नगरांना बांधत असती, तर याच्या नेमके उलट दिसायला हवे होते. मुद्रांवर सर्वाधिक आढळणारा एकशिंगी प्राणी आणि त्याच्यापुढचे पात्र यांना पवित्र अर्थ असेलही. त्या अर्थाने व्यापाऱ्याच्या ठशाला विश्वासार्हता दिली असेल. धर्म या नगरांत घराघरांत आणि व्यवहारातही वावरत होता, पण त्याने नगराचा कारभार हाती घेतल्याची खूण नाही.

या प्रतिपादनाची खरी कसोटी ऱ्हासकाळात लागते. मोहेंजोदडोच्या शेवटच्या थरांत गटारांची निगा थांबलेली, मोठी घरे भिंती घालून विभागलेली आणि पूर्वी वस्तीबाहेर ठेवल्या जाणाऱ्या भट्ट्या वस्तीत शिरलेल्या दिसतात. इ.स.पू. १९००च्या सुमारास प्रमाणित वजने, मुद्रा आणि लिपी यांचा वापर ओसरला आणि नगरेही संपली. श्रद्धा मात्र नाहीशा झाल्या नाहीत. हडप्पाच्या उत्तरकालीन दफनभूमीतल्या रांजणांवर मोरांची चित्रे आहेत आणि मृतांविषयीचे विधी नव्या रूपाने चालूच राहिले. नागरी शिस्त गेली आणि नगर गेले. धर्म उरला, पण तो नगर वाचवू शकला नाही.

महाराष्ट्राच्या भूमीनेही हीच साक्ष दिली आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर-हडप्पा काळाचे अवशेष मिळाले. त्यानंतरच्या ताम्रपाषाणयुगात, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे बरोबरीने वापरात असलेल्या काळात, शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले, जे अभ्यासकांनी गावप्रमुखाचे मानले. तिथे पाटाने पाणी आणलेले होते, मातीच्या देवीमूर्ती होत्या, घरांच्या जमिनीखाली रांजणांत मुलांची दफने होती. धर्म होता, प्रमुख होता, उच्चनीचता होती. नगर मात्र नव्हते. देव आणि प्रमुख यांच्या संयोगातून नगर जन्माला येत असते, तर ते इनामगावलाही जन्माला यायला हवे होते.

सारांश, धर्म आणि वर्ग या दोन्ही गोष्टी प्राचीन समाजांत गावपातळीवरही आढळतात, म्हणून त्या नगराचे पुरेसे कारण ठरू शकत नाहीत. नगराला नगरपण येते ते अनोळखी माणसांनी समान माप, समान वाट आणि समान पाणी मान्य केल्याने. हा वाद केवळ पंडितांचा नाही, कारण समाज वरून लादलेल्या पवित्र सत्तेनेच उभा राहतो ही समजूत प्राचीनतेचा दाखला देऊन आजही रेटली जाते आणि त्या दाखल्यात सिंधूचा पुरोहित-राजा हमखास ओढला जातो. ज्याला तो पुन्हा सिंहासनावर बसवायचा असेल, त्याने मंदिर, राजवाडा, राजदफन किंवा वाचता येणारा लेख यांपैकी एक तरी निर्विवाद पुरावा पुढे ठेवावा. तोपर्यंत या नगरांचे श्रेय विटा भाजणाऱ्या, वजने राखणाऱ्या आणि गटारे उपसणाऱ्या नागरिकांनाच दिले पाहिजे.