काठावरचा दोर

वाचकहो, वयाच्या बावन्नाव्या वर्षी आम्ही पोहावयास शिकलो असे सांगितले, तर आपण हसाल. वसईच्या बावखलांकाठी वाढलेल्या माणसास पोहता येऊ नये, हेच मुळी लाजिरवाणे! आमच्या बरोबरीची मुले पाठीस सुके नारळ बांधून पाण्यात उतरत आणि थोड्याच दिवसांत ते सोडून पोहू लागत. आम्ही मात्र काठावर त्यांचे कपडे राखीत बसत असू. कारण शेजारचा एक मुलगा आमच्या डोळ्यांदेखत बावखलात गेला होता. तो ओरडलाही नाही. बुडणारा हाका मारतो हा समज बहुधा खोटा ठरतो. श्वासालाच तोंड अपुरे पडते, तेथे हाक कोठून निघणार?

गेल्या उन्हाळ्यात हैदराबादेस, तारनाक्याला भाचीकडे आमचा मुक्काम होता. उस्मानिया विद्यापीठाला लागून ही वस्ती आहे. तारेच्या कुंपणावरून हे नाव पडले असे सांगतात. आमच्या मराठी कानास मात्र त्यात ‘तारणे’ ऐकू आले. भाचीची नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी पोहण्याच्या शिकवणीस जाई व तिला पोहोचविण्याचे काम आमच्याकडे असे. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “आजोबा, मी बुडाले तर तुम्ही मला काढाल ना?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्हीही नाव घातले.

शिकविणारा तरुण दख्खनी बोलीत म्हणाला, “साब, पैले पानी में दम छोडना सीखो.” पोहणे म्हणजे हातपाय मारणे, अशी आमची समजूत होती. तीन दिवस त्याने आम्हांस छातीभर पाण्यात उभे करून, तोंड बुडवून केवळ बुडबुडे काढावयास लावले. भ्यालेला माणूस श्वास कोंडतो, अंग ताठ करतो आणि मान उंच काढतो. मान जितकी वर, तितके पाय खाली! छाती हवेने भरली असता मनुष्यदेह पाण्याहून किंचितच हलका असतो, म्हणून त्याचा थोडासाच भाग वर राहतो. लहान मुलास हे समजावून द्यावे लागत नाही. आम्हांस मात्र चाळीस वर्षांची भीती आधी विसरावी लागली. पाठीवर तरंगताना त्याने खालचा हात केव्हा काढून घेतला ते कळले नाही. कळले त्या क्षणी आम्ही बरेच पाणी प्यालो. महिनाअखेर तलावाची रुंदी कशीबशी पार केली, इतकेच.

याच शहरातील गोली श्यामला या बाईंनी पाण्याची भीती घालविण्यासाठी चाळिशीनंतर पोहणे शिकून १९ मार्च २०२१ रोजी श्रीलंकेतील तलैमन्नारहून धनुष्कोडीपर्यंतची सुमारे ३० किलोमीटरची सामुद्रधुनी जवळजवळ चौदा तासांत पार केली. आम्ही त्यांचे नाव कौतुकाने घेतो, बरोबरीसाठी नव्हे.

निरोप देताना त्या तरुणाने एक ताकीद दिली. नवशिक्याने बुडणाऱ्यामागे कधीही उडी घालू नये. तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोर, बांबू, रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांत वाचवावयास गेलेलेही असणारच.

आम्ही नातीस म्हणालो, “बाळ, मी उडी मारणार नाही, दोर टाकीन.”

“मग पोहायला कशाला शिकलात, आजोबा?”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चाळीस वर्षांपूर्वी बावखलाच्या त्याच काठावर बागेतला काथ्याचा दोर पडलेला होता, आणि त्याला हात लावावयास पोहता येण्याची गरज नव्हती.

वसईस परतल्यावर आम्ही बावखलाशेजारच्या माडाला एक लांब दोर बांधला असून त्याच्या टोकास झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा अडकविला आहे. शेजारी तो पाणी भरण्यासाठी नेतात. आम्ही पुन्हा आणून बांधतो.