आधी ठाणे, मग धोरण

इंग्रजांचे हिंदुस्थानविषयीचे धोरण कुठे ठरत होते, असे विचारले की शाळेतले उत्तर तयार असते: लंडनमध्ये. कमरीपेठेत बसून दिवाळी अंक काढणाऱ्याचे मात्र या उत्तराने समाधान होत नाही. आमच्या एका बाजूला धारवाड, तिथून पुढे बेळगावच्या वाटेवर कित्तूर, दुसऱ्या बाजूला नरगुंद. खुद्द हुबळीचे दोन तुकडे दोन वेगळ्या वर्षी कंपनीकडे गेले. जुनी हुबळी 1817 मध्ये पेशव्यांकडून घेतली, नवी 1820 मध्ये सांगलीकर पटवर्धनांनी फौजेच्या खर्चापोटी सोडली. या मुलखाला इंग्रज ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हणत. सातारा, सांगली, कित्तूर ही त्यांच्या लेखी परराज्येच होती. त्यांच्याशी बोलणे तहांनी आणि वकिलांमार्फत चाले. म्हणून यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही या राज्यांशी चाललेल्या पत्रव्यवहाराला दिला आहे.

कागदावरचे धोरण आधी पाहू. 1784 च्या पिटच्या कायद्यात पार्लमेंटने लिहून ठेवले होते की हिंदुस्थानात मुलूख जिंकणे, राज्य वाढवणे हे आपल्या राष्ट्राच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला सोडून आहे. याहून स्पष्ट भाषा कोणती हवी? त्याच कायद्याच्या छायेखाली गव्हर्नर जनरल वेलस्लीने 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह केला. लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे याला तो तह पटला नव्हता. या तहाने मराठ्यांच्या भांडणात आपण कायमचे गुंतू, अशी शंका त्याने टिपणात मांडली. ते टिपण 1804 मधले. असईची लढाई होऊन गेली होती 23 सप्टेंबर 1803 रोजी! केपला वळसा घालून पत्र यायला पाच-सहा महिने लागत. शंका जहाजात असताना इकडे तोफा उडून थंडही होत.

स्वतः बोललेलेही वरचे लोक विसरत. लॉर्ड मॉयरा इंग्लंडमध्ये असताना वेलस्लीच्या विस्तारावर टीका करी. 1813 मध्ये तोच गव्हर्नर जनरल होऊन आला, पुढे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झाला, आणि पेशवाई त्याच्याच कारकिर्दीत बुडाली.

मग कित्तूर. सप्टेंबर 1824 मध्ये शिवलिंगरुद्र सर्जा वारला. त्याने घेतलेले दत्तक धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट थॅकरे याने मानले नाही. मृत्युशय्येवरच्या दत्तकपत्राचा त्याला संशय होता. खजिन्याला मोहोर लागली, पहारे बसले. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या माणसांनी 23 ऑक्टोबरला थॅकरेला ठार मारले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीच्या मोठ्या फौजेने किल्ला घेतला. हे सगळे ज्या तत्त्वावर झाले ते तत्त्व तेव्हा लंडनने लिहिलेलेही नव्हते. दत्तकाला परवानगी देणे ही मेहेरबानी आहे, ती अपवाद म्हणूनच द्यावी, असे कंपनीच्या डायरेक्टरांनी सांगितले 1834 मध्ये, म्हणजे कित्तूर पडल्यावर दहा वर्षांनी. गव्हर्नर जनरल डलहौसी तर त्यानंतर चौदा वर्षांनी आला. पाठ्यपुस्तकात मात्र दत्तक नामंजुरीचा धडा डलहौसीपासूनच सुरू होतो, आणि कित्तूरकरांना हे कधीच पटलेले नाही. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालणाऱ्या आपल्या व्यापारी वाचकांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल: मुनिमाने पैसे आधी देऊन टाकायचे, शेठने मागाहून सही करायची, आणि वहीत मात्र शेठच्या हुकमानेच सगळे झाले असे दिसायचे.

साताऱ्याची गोष्ट याच्याही पुढची. 1835 च्या अखेरीस डायरेक्टरांनी छत्रपती प्रतापसिंहांच्या कारभाराची वाखाणणी करून त्यांना भेट म्हणून तलवार पाठवली. ती मुंबई सरकारने अडवून ठेवली, महाराजांच्या हाती पडलीच नाही. चार वर्षांनी त्याच महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते 1840 ते 1853 लंडनमध्ये तळ ठोकून राहिले. इंग्रजी शिकले, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून प्रश्न लावून धरले. काही सभासदांनी त्यांची बाजू जोरात मांडलीही. मला या माणसाचे फार कौतुक वाटते, कारण धोरणाची दारे नेमकी किती आणि कोणती हे त्यांच्याइतके त्या काळी कुणा मराठी माणसाला कळले नसेल. डायरेक्टर, भागधारक, बोर्ड ऑफ कंट्रोल, पार्लमेंट: सगळी दारे त्यांनी ठोठावली. आणि 1848 मध्ये सातारा खालसा करण्याची वेळ आली तेव्हा मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क विरोधात होता. त्याच्या जागी आलेला फॉकलंड अनुकूल निघाला. एक गव्हर्नर वर्षभर आणखी टिकता तर? सांगता येत नाही. डलहौसी हट्टी होता.

संस्थाने खालसा करण्याचे हे धोरण बदलले कधी? पटवून दिल्याने बदलले नाही. ते महाग पडले तेव्हा बदलले. विसाव्या शतकातही हेच दिसते. नोव्हेंबर 1967 मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि दोन महिन्यांत, 16 जानेवारी 1968 रोजी, विल्सन सरकारने सुएझच्या पूर्वेचे बहुतेक लष्करी तळ 1971 अखेर सोडत असल्याचे जाहीर केले. परराष्ट्र खात्याने वर्षानुवर्षे जपलेली भूमिका अर्थखात्याच्या ताळेबंदापुढे टिकली नाही.

आमच्याकडचा ताळेबंद 1857-58 मध्ये मांडला गेला. नरगुंदचे भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांना मुलगा नव्हता आणि दत्तकाला परवानगी मिळाली नाही. मुलखाचा पोलिटिकल एजंट मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनात होता. घराघरांतल्या जुन्या सनदा तपासणाऱ्या त्या कमिशनचा इनामदारांना किती राग होता, हे वेगळे सांगायला नको. 29 मे 1858 च्या रात्री सुरेबान इथे बाबासाहेबांच्या माणसांनी मॅन्सनला मारले. 12 जूनला बेळगावात बाबासाहेबांना फाशी दिले आणि संस्थान खालसा झाले. 1 नोव्हेंबरला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला: संस्थानिकांशी झालेले तह पाळू, आणखी मुलूख वाढवणार नाही. पुढे व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या.

नरगुंदशेजारचे रामदुर्ग बाबासाहेबांच्या सावत्र भावाकडे होते. तो इंग्रजांच्या बाजूला राहिला. त्या घराण्यालाही दत्तकाची सनद मिळाली आणि 1948 मध्ये विलीन होईपर्यंत रामदुर्ग संस्थान चालू राहिले.

— संपादक
कमरीपेठ, हुबळी